गटच्या तारा चढवल्या आणि सारख्या तुटतायत, बरोक (बाखच्या काळातलं संगीत) वाजवायला हे सगळं खरंच लागतं का?

दुसरं_डेस्क

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचनमात्र होते, आज अडलं म्हणून पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

मी व्हायोलिन वाजवते, हौशी. वीसेक जणांची आमची स्ट्रिंग ऑर्केस्ट्रा आहे आणि मी सेकंड व्हायोलिनमध्ये दुसऱ्या डेस्कवर, म्हणून हा आयडी. या वेळी बाखचा तिसरा ऑर्केस्ट्रल स्वीट घेतलाय, डी मेजरमधला, बीडब्ल्यूव्ही १०६८, ज्यात ती सगळ्यांना माहीत असलेली 'एअर' आहे तोच. ट्रम्पेट, ओबो, टिंपनीवाले पाहुणे येणारेत आणि ते जुन्या बनावटीच्या वाद्यांवर वाजवतात, तर आमच्या कंडक्टरनी जाहीर करून टाकलं की मग आपणही तसंच करू. तसंच म्हणजे काय तर ए चा सूर नेहमीच्या ४४० ऐवजी ४१५ हर्ट्झला, गटच्या तारा आणि व्हायब्रेटो (बोट हलवून सुराला दिलेला कंप) बंद. एवढं बोलून विषय संपला, पुढचं ज्याचं त्याने बघायचं.

(गट म्हणजे आतड्याच्या तारा हो, ग्रुप नाही. घरी मी "गट लावले" म्हटल्यावर नवऱ्याला वाटलं ऑर्केस्ट्रात फूट पडली.)

तर मी माझ्या नेहमीच्याच मॉडर्न व्हायोलिनवर गटचा सेट चढवला. तीन आठवड्यांत ई ची तार तीनदा तुटली, त्यातली एक तर केसमध्ये बंद असताना, रात्री फट्कन आवाज आला आणि मी दचकून उठले. सूर पाच मिनिटं टिकत नाही, हवा जरा बदलली की हलला. आवाज खरखरीत येतोय, आणि व्हायब्रेटो काढल्यावर तर माझं वाजवणं मलाच शिकाऊ वाटायला लागलंय. डेस्क पार्टनर तोंडावर म्हणाली की तू आधी बरी वाजवायचीस.

मला खरंच समजून घ्यायचंय, भांडायचं नाहीये. एवढा खटाटोप करून ऐकणाऱ्याला काय वेगळं मिळतं? ४१५ च का, तेव्हा काय ट्यूनर होते का? आणि सगळं नाही जमलं तर निदान काय बदलावं, एकच गोष्ट बदलायची झाली तर कोणती?

आतडं_तुटेपर्यंत

आधी मीच विचारतो, तुम्ही हे एकच व्हायोलिन एकीकडे ४४० ला आणि रिहर्सलला ४१५ ला असं वरखाली करताय ना? तसं असेल तर तार तुटणारच, तिचा दोष नाही. गटला एका जागी बसायला दिवस लागतात, आणि ई ची साधी गटची तार ४४० ला अगदी शेवटच्या टोकाला ताणलेली असते. ४४० वरून ४१५ ला आलं की त्याच तारेवरचा ताण साधारण ११ टक्क्यांनी उतरतो, तेवढ्यात तिचं आयुष्य वाढतं.

आता तार नेमकी कुठे तुटली ते बघा. खुंट्यांजवळच्या नटपाशी तुटली असेल तर तिथली खाच स्टीलच्या ई साठी कापलेली आहे. गटची ई अर्ध्या मिलिमीटरहून जाड असते आणि स्टीलची तिच्या निम्मीसुद्धा नसते, म्हणजे तुम्ही जाड माणसाला अरुंद दारातून रोज ये-जा करायला लावताय. वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून खाच रुंद आणि गुळगुळीत करून घ्या, मग त्यात मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. खालच्या टोकाला तुटली असेल तर फाईन ट्यूनर (सूर बारीक जुळवायचा स्क्रू) काढून टाका, त्याच्या धातूच्या कडेवर गट घासून कापली जाते, सरळ गाठ मारून टेलपीसमध्ये, म्हणजे तारांच्या खालच्या पट्टीत, अडकवा. फाईन ट्यूनर नसला तर सूर कसा लावू असं वाटेल, पण गट इतकी लवचिक असते की खुंटी चांगली ठळक फिरवावी लागते, स्टीलसारखं केसभर हललं की सूर पळाला असं होत नाही. महिनाभरात हात बसतो.

हे झालं दुरुस्तीचं. आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर ऐकून कंडक्टर माझ्यावर चिडतील. एकच गोष्ट बदलायची असेल तर तारा नाही, बो (गज) बदला.

कारण गट ही काही बरोकची खासियत नाहीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सगळी दुनिया गटवरच वाजवत होती, ब्राह्म्सच्या सिंफनी पहिल्यांदा वाजल्या त्याही गटवरच. जी ची तार तेवढी वरून धातूची बारीक तार गुंडाळलेली, ती युक्ती १६६० च्या दशकापासून आहे. म्हणजे गट लावून तुम्ही फार तर शंभर-सव्वाशे वर्षं मागे गेलात, बाखपर्यंत जायला अजून पावणेदोनशे वर्षं उरतात आणि ती सगळी बोमध्ये आहेत. तुमच्या हातातला बो पॅरिसच्या फ्रान्स्वा तूर्तने १७८५ च्या आसपास पक्का केला त्या घाटाचा आहे. काडी आत वाकलेली, टोक जड, केसांची पट्टी रुंद, आणि त्याचं सगळं कौशल्य एकाच गोष्टीत की या टोकापासून त्या टोकापर्यंत सूर एकसारखा भरलेला राहिला पाहिजे. बरोक बो नेमका उलटा. काडी सरळ किंवा किंचित बाहेर फुगलेली, टोक चोचीसारखं निमुळतं आणि हलकं. खाली ओढला की सुरुवातीला वजन, टोकाकडे जाता जाता आवाज आपोआप विरतो, तुम्ही काही करायचं नाही, तो स्वतःच विरतो. वर ढकलला की मुळातच नाजूक. म्हणून त्या काळात डाउन-बोचा नियम एवढा कडक, संगीतकार मुफाटने १६९८ मध्ये फ्रान्सच्या लुलीच्या वादकांची पद्धत लिहून ठेवलीय त्यात मापाचा पहिला ठोका डाउन-बोवर आलाच पाहिजे, त्यासाठी लागला तर दोनदा लागोपाठ डाउन करा. मॉडर्न बोवर हा नियम वाचला की शाळेतल्या शिस्तीसारखा वाटतो, बरोक बो हातात आला की कळतं अरे हा नियम नाहीच, हे लाकूडच तसं बोलतं.

आणि तुमचा खरखरीत आवाज. मॉडर्न बोने गटवर स्टीलसारखा दाब देताय, तार चिडतेय. दाब कमी करा, बोचा वेग वाढवा, सूर सुरू होताना तारेला क्षणभर वेळ द्या. मोझार्टचे वडील लिओपोल्ड यांनी १७५६ च्या व्हायोलिनच्या पुस्तकात हेच लिहिलंय की कितीही जोरकस सूर असला तरी त्याच्या अगदी तोंडाशी एक किंचित मऊपणा असतो, ऐकू येईल न येईल इतका. स्टीलवर हा मऊपणा मुद्दाम आणावा लागतो, गटवर तो नाही आणला तर तार खरवडते. म्हणजे वाद्यच मास्तर आहे, पाठ चुकला की लगेच ओरडतं.

बरोक बो लगेच मिळणार नसेल तर तोवर मॉडर्न बोच फ्रॉगपासून (हाताकडच्या टोकापासून) चार बोटं वर धरून वाजवून बघा. टोक हलकं होतं, थोडी कल्पना येते.

कानसेन

मी वाजवत नाही, फक्त ऐकतो, तीस वर्षं ऐकतोय, त्यामुळे थोडं कडू बोलणार, रागावू नका.

हे "तेव्हा जसं वाजायचं तसं" प्रकरण मला कधीच पटलं नाही. १९५३ मध्ये व्हिएन्नाला हार्नोनकूर्टने कॉन्सेंटस म्युझिकस हा जुन्या वाद्यांचा वृंद काढला तेव्हापासून धरलं तरी सत्तर वर्षं होऊन गेली. आता या सत्तर वर्षांतल्याच रेकॉर्ड ओळीने ऐका. सत्तर-ऐंशीच्या दशकातले इंग्लंडवाले, हॉगवुड, पिनॉक, स्वच्छ धुतलेल्या काचेसारखे, सगळं नीटनेटकं. नव्वदीत इटलीवाले आले, इल जार्दिनो आर्मोनिको, युरोपा गालांते, तीच गट, तसेच बो, तीच जुनी पुस्तकं, आणि विवाल्डी असा वाजवला की तारांतून ठिणग्या पडाव्यात. दोघांचं म्हणणं एकच, आम्ही अठराव्या शतकाशी प्रामाणिक. अहो मग अठरावं शतक नक्की कोणतं? संगीत अभ्यासक रिचर्ड टारस्किन हेच तर सांगत राहिला की ही जुनी पद्धत नाहीच, ही विसाव्या शतकाची स्वतःची आवड आहे, हलकं, वेगवान, कोरडं, आणि तिला जुन्याचा शिक्का मारलाय.

आणि ऐकणारे कान? बाखच्या श्रोत्यांनी ना वॅग्नर ऐकला होता ना विमानाचा आवाज. कान कुठून आणणार त्या काळचे?

धागाकर्तीला सल्ला, तुमची पार्टनर म्हणते तू आधी बरी वाजवायचीस, तर बाई तसंच वाजवा की. 'एअर' व्हायब्रेटोशिवाय ऐकायची म्हणजे मला तरी सुतक वाटतं.

उलटी_पट्टी

कानसेन यांच्या प्रतिसादातलं अर्धं मान्य, अर्ध्यावर नंतर येते, आधी ४१५ चं घेते कारण तो माझा रोजचा वैताग आहे. मी हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचं कीबोर्ड वाद्य) वाजवते आणि दुर्दैवाने लावतेसुद्धा.

४१५ हा आकडा बाखला माहीतच नव्हता. तेव्हा हर्ट्झ नव्हते आणि एक पट्टीही नव्हती, गावागणिक वेगळी, एकाच गावात चर्चची वेगळी आणि दरबाराची वेगळी. लाइपझिगचे चर्चमधले ऑर्गन बाकीच्या वाद्यांपेक्षा एक अख्खा सूर वर लावलेले असायचे, त्यामुळे बाख ऑर्गनवाल्यासाठी पार्ट एक सूर खाली उतरवून लिहायचा, म्हणजे सगळे एका स्केलमध्ये वाचतायत आणि ऑर्गनवाला दुसऱ्याच, आणि कानाला मात्र एकच. पॅरिसचा ऑपेरा त्याहून खाली, आज ते वाजवताना लोक ३९२ धरतात. व्हेनिसला पट्टी चढी, आजच्या ४४० च्या आसपास. बासरीवादक क्वांट्स याच गोंधळाला वैतागला होता, बासरीवाले तर मधला तुकडा वेगवेगळ्या लांबीचा बरोबर बाळगायचे, ज्या गावी जाऊ त्या गावचा तुकडा लावला की झालं.

मग ४१५ कुठून आलं? जर्मनीतल्या त्या खालच्या पट्टीच्या जवळपास आहे हे खरं, पण मुख्य कारण सोय. ४४० पासून बरोबर अर्धा सूर खाली, त्यामुळे आजच्या हार्प्सिकॉर्डचा कीबोर्ड उचलून एक घर बाजूला सरकवला की ४४० चं ४१५ होतं, मला सगळ्या तारा पुन्हा लावाव्या लागत नाहीत. जगभरच्या ओबोवाल्यांना आणि बासरीवाल्यांना एकमेकांबरोबर वाजवता यावं म्हणून झालेली तडजोड आहे ती, पवित्र वगैरे काही नाही.

आता जे तुम्हाला कोणी सांगणार नाही ते सांगते. तुमचा सूर टिकत नाही यातला अर्धा दोष तारेचा नसेलच. तुमच्याबरोबर हार्प्सिकॉर्ड आहे ना? तो इक्वलमध्ये, म्हणजे सगळे अर्धे सूर एकसारखे ठेवून, लावलेला नसणार, बहुतेक वालोट्टी किंवा तसलीच एखादी जुनी लावण्याची पद्धत. वालोट्टीत सहा पंचम शुद्ध आणि सहा जरा आखडते घेतलेले असतात, आणि व्हायोलिनच्या चार तारांमधले तिन्ही पंचम या आखडत्यांतले आहेत. तुम्ही काय करता, माझ्याकडून ए घेता आणि बाकीच्या तारा कानाने मस्त शुद्ध पंचमात लावता. परिणाम असा की तुमचा जी माझ्या जी पेक्षा जवळजवळ आठ सेंट खाली जातो, आणि चेलोवाला त्याच पद्धतीने सी ला पोचेपर्यंत बारा सेंट. शंभर सेंटचा अर्धा सूर, तर बारा म्हणजे फार नाही वाटत, पण बेसमध्ये लांब सुरावर ते लाटा मारतं, आणि व्हायब्रेटो नसल्यामुळे लपायला जागा नाही. तर फक्त ए घेऊ नका, चारही तारा हार्प्सिकॉर्डवरून एकेक करून घ्या. एका रिहर्सलला हे करून बघा आणि मग गटला शिव्या घाला.

व्हायब्रेटोबद्दल कंडक्टरना एवढंच सांगा की बंदी कोणी घातलेली नव्हती. लिओपोल्ड मोझार्ट चिडतो ते प्रत्येक सुरावर थरथरणाऱ्यांवर, कायमचा ताप भरल्यासारखे थरथरतात म्हणतो. आणि त्याच्या पाचच वर्षं आधी, १७५१ मध्ये, लंडनला बसलेला व्हायोलिनवादक जेमिनियानी लिहितो की जितक्या वेळा करता येईल तितका करा. दोघांचीही पुस्तकं आजचे बरोकवाले उशाशी घेऊन झोपतात. तेव्हा तो दागिना होता, हवा तिथे घालायचा. अंगात मुरलेली सवय नव्हती एवढंच.

बिनझडप

ट्रम्पेटवाला बोलतोय. आमच्याबद्दल कोणीच विचारलं नाही म्हणून स्वतःहून आलो, ऑर्केस्ट्रातही आमचं तसंच असतं.

तुमच्याकडे येणारे पाहुणे ट्रम्पेटवाले ज्या नळ्या घेऊन येतील त्या सात फुटांहून लांब असतात, गुंडाळलेल्या, म्हणजे मॉडर्न ट्रम्पेटच्या दीडपट तरी. व्हॉल्व्ह नाहीत, ते आले १८१० च्या दशकात, बाख जाऊन साठेक वर्षं झाल्यावर. फक्त ओठ आणि फुंक. नळी जे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) देईल तेच सूर, खाली ते दूर दूर आणि आठव्या हार्मोनिकच्या वर गेलं की एकमेकांना चिकटलेले, म्हणून आमची सगळी कसरत माळ्यावर, तळमजल्यावर बिगुलापलीकडे काही वाजत नाही. आणि वर तरी सगळे सूर धड कुठे आहेत, डी च्या ट्रम्पेटवर अकरावा हार्मोनिक जी आणि जी शार्पच्या बरोबर मधोमध पडतो, ना इकडचा ना तिकडचा, त्याला ओठाने ओढून एकदा जी करायचं आणि एकदा जी शार्प. तेरावा बी म्हणून वाजवायचा पण तो मुळातच उतरलेला. तुमच्या स्वीटमध्ये आम्ही एखाद्या सुरावर तोंड वाकडं करताना दिसलो तर समजून घ्या.

कानसेन काकांना अजून एक पुरावा देतो फुकट. आज "बरोक ट्रम्पेट" म्हणून जे दिसतं त्यातल्या बहुतेकांना नळीवर तीन किंवा चार छोटी छिद्रं असतात, सूर सावरायला. ती छिद्रं बाखच्या काळातली नाहीत, विसाव्या शतकात पाडलीत. का? कारण रेकॉर्डिंग. श्रोत्याने सीडीवर न चुकलेला ट्रम्पेट ऐकलाय, त्याला आता चुकलेला चालत नाही. छिद्रांशिवाय वाजवणारेही आहेत आणि वाढतायत, पण त्यांना मी हात जोडतो आणि माझी छिद्रं वापरतो.

तरीही हे का करायचं ते सांगतो. बाखने १७३० मध्ये लाइपझिगच्या नगर परिषदेला लेखी दिलंय की चर्चच्या संगीताला कमीत कमी किती माणसं लागतात. फर्स्ट व्हायोलिन दोन किंवा तीन, सेकंड दोन किंवा तीन, चेलो दोन, मोठा बास एक, आणि ट्रम्पेट तीन. तीन ट्रम्पेट आणि तीन व्हायोलिन! हे मॉडर्न ट्रम्पेटवर करून दाखवा, व्हायोलिनवाले नुसते हात हलवताना दिसतील. म्हणून मग मॉडर्न ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाढवा, मग ओबो ऐकू येत नाही म्हणून ओबो वाढवा, शेवटी सगळाच लगदा. लांब नळीचा आवाज मॉडर्नपेक्षा अंगाने बारीक आणि टोकाला चमकदार असतो, तो बाकीच्यांच्या वर बसतो, त्यांच्या अंगावर नाही. टिंपनीसुद्धा तसंच, कातडी पडदा, लाकडी काठी, ठक्क आवाज येतो आणि संपतो, मागे घुमत राहत नाही. तुमच्या कंडक्टरनी पाहुण्यांमुळे पट्टी बदलली म्हणताय, पण खरं तर त्यांच्यामुळे तुमच्या सेकंड व्हायोलिनची ओळ लोकांना पहिल्यांदा ऐकू येणारे.

अवांतर: बाखचा ट्रम्पेटवाला गॉटफ्रीड राइखे, लाइपझिगचा शहर वादक, १७३४ च्या ऑक्टोबरमध्ये राजासमोर उघड्यावर रात्री मशालींच्या उजेडात बाखचं नवं काम वाजवलं आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यातच कोसळून गेला. फुंकण्याचा ताण आणि मशालींचा धूर असं तेव्हाच्या नोंदीत कारण दिलंय. त्यामुळे तार तुटली म्हणून रडू नका.

कानसेन

बिनझडप, काका कोण? असो. छिद्रांचा मुद्दा माझ्याच बाजूचा दिलात, आभार.

पण तीन ट्रम्पेट तीन व्हायोलिन हे मला माहीत नव्हतं. यावर बोलायला माझ्याकडे काही नाही.

आतडं_तुटेपर्यंत

कानसेन, तुमच्या आणि माझ्यात भांडण नाहीच. "अस्सल" हा शब्द आम्ही लोकांनीच कधीचा सोडला, आता इतिहास माहीत करून घेऊन वाजवणं एवढंच म्हणतो. १७३० चा आवाज परत आणतोय असा दावा करणारा मला तरी अलीकडे भेटला नाही.

पण 'एअर'चं सुतक, त्यावर थोडं बोलतो. तुमच्या कानात जी आहे ती बहुतेक बाखची एअर नाही, १८७१ मध्ये ऑगस्ट विल्हेल्मीने केलेली आहे. त्याने ती डी मेजरमधून सी मेजरमध्ये खाली उतरवली आणि अख्खी जी च्या एका तारेवर वाजवली, जाड, घोगरी, हुंदके दिल्यासारखी, म्हणून तर नाव पडलं 'एअर ऑन द जी स्ट्रिंग'. बाखच्या मूळ पानावर फर्स्ट व्हायोलिन चांगलं वरच्या तारांवर आहे आणि ते गाणं एकट्याचं नाहीच. फर्स्टचा पहिला सूर एफ शार्प, तो अख्खं माप ओलांडून पुढे जातो, काहीच न करता. त्याच वेळी खाली बास आठ-आठ सुरांच्या उड्या मारत पायऱ्या उतरतो आणि मध्ये सेकंड आणि व्हायोला एकमेकांत गुंफत असतात. तुम्ही तो वरचा एफ शार्प सुरुवातीपासून भरगच्च दाबून थरथरवत ठेवलात तर खालचं सगळं झाकलं जातं. बरोक बोने तो सूर जवळजवळ शून्यातून सुरू होतो, मधे फुगतो, आणि बास पुढची पायरी उतरतो तोवर विरत जातो, की तेवढ्यात खालचं ऐकू येतं. तो सूर तिथे उगाच लांब नाही हो, तो बाजूला सरकतोय.

वाचनमात्र_७

बाप रे काय माहितीपूर्ण धागा. वाचनखूण साठवलीय. मी गिटारवाला आहे, समजलं निम्मंच, तरी एअर मूळची शोधून तीनदा ऐकली.

दुसरं_डेस्क

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. अपडेट द्यायला उशीर झाला कारण मधे दोन रिहर्सल होऊ दिल्या.

आतडं_तुटेपर्यंत, तुम्ही पकडलंत मला. रविवारी मी एका मैत्रिणीबरोबर पियानोवर वाजवते, ते ४४० ला, आणि त्याच व्हायोलिनवर. आता लहानपणचं जुनं व्हायोलिन त्यासाठी काढलंय आणि हे ४१५ लाच सोडलंय. तार नटपाशीच तुटत होती. खाच करून घेतली, पेन्सिल घासली, फाईन ट्यूनर काढला. दोन आठवडे झाले, ई जिवंत आहे.

बो मिळाला! पाहुण्या कंटिन्युओ (हार्प्सिकॉर्डबरोबर बासची ओळ) वाजवणाऱ्या चेलोवालीच्या ओळखीतून उसना, सापासारखे ठिपके असलेल्या लाकडाचा, इतका हलका की पहिल्यांदा हातात घेतल्यावर मला वाटलं काहीतरी तुटून पडलंय का याचं. पहिले दोन दिवस वाईट गेले, सवयीने शेवटपर्यंत दाबायला जायचे आणि टोकाशी आवाजच नसायचा, पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी तसं. मग ते लिओपोल्डचं डोक्यात ठेवून नुसते डाउन आणि अप करत बसले, सूर नाही बदलायचा, काही नाही. साधारण तिसऱ्या दिवशी गव्होत वाजवताना लक्षात आलं की मी ॲक्सेंट देत नाहीये, तरी ॲक्सेंट येतायत, आणि बरोबर जागी येतायत. पार्टमध्ये वर कोणीतरी पेन्सिलीने ढीगभर खुणा केल्या होत्या, इथे जोर, इथे हळू, त्यातल्या निम्म्या मी खोडल्या.

उलटी_पट्टी, चारही तारा हार्प्सिकॉर्डवरून घेण्याचं मी हळूच चेलोवाल्यांना सांगितलं, त्यांनी कंडक्टरना सांगितलं, आणि कंडक्टरनी ते स्वतःला सुचल्यासारखं सगळ्यांना सांगितलं. असो. त्या दिवशी एअर सुरू झाली, आणि ती मधली वळवळ, जी मी महिनाभर मान खाली घालून मोजत वाजवत होते, ती मला स्वतःलाच पहिल्यांदा ऐकू आली. फर्स्टवाल्यांनी तो एफ शार्प खरंच सोडून दिला होता. माझ्या शेजारणीने माप संपल्यावर माझ्याकडे पाहिलं, बोलली काहीच नाही.

सगळं जमलं असं नाही हं. ओव्हर्चरमध्ये डॉटेड सूर किती ताणायचे यावर अर्धा तास वाद झाला आणि शेवटी ओबोवाले म्हणतील तसं ठरलं. हनुवटी न टेकवता वाजवायचं मी सोडून दिलंय, चिन रेस्ट राहू दे, खाली उतरताना व्हायोलिन पडेल अशी भीती वाटते. व्हायब्रेटो दोन जागी करते, कोणाला सांगितलं नाहीये.

एकच शंका राहिली. ए च्या तारेवर बो लागतो त्या भागात बारीक केसासारखा तंतू सुटून उभा राहिलाय, वाजवताना सूं सूं होतं. तार बदलायची का आता?

आतडं_तुटेपर्यंत

नाही नाही, बदलू नका, तो सगळ्यांनाच येतो. आतडं पीळ दिलेलं असतं, त्यातला एखादा तंतू सुटतो. ओढू मात्र नका, ओढलात तर आख्खा पदर सोलत येईल. नेलकटर घ्या, तारेच्या अगदी लगत कापा, आणि बोटाला बदामाच्या तेलाचा एक थेंब लावून बो लागत नाही त्या भागावरून फिरवा. राळेच्या जागेवर तेल नको. चिन रेस्ट राहू दे खुशाल, मी पण काढलेला नाही.

बिनझडप

नेलकटर. आणि मला लोक विचारतात केसमध्ये ओठांचं मलम कशाला.